चौथा गिअर बदलायचा की क्राउन-पिनियन?

फोक्सवॅगन टी३ कॅम्पर, १.९ लिटर वॉटरबॉक्सर (पाण्याने थंड होणारं आडव्या सिलिंडरचं इंजिन), चार गिअरचा डबा: चौथ्याचं गुणोत्तर ०.८५, क्राउन-पिनियनचं (डब्यातून चाकांना फिरवणारी शेवटची दातांची जोडी) ४.८६. आकडा लहान, तर त्याच वेगाला इंजिन हळू फिरतं. १८५ आर १४ टायरवर ताशी १०० किमीला इंजिन सुमारे ३४४० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) ओरडत असतं. हा आवाज कमी करायचे दोन मार्ग आहेत.

चौथा ०.७७ चा बसवला, तर त्याच वेगाला आरपीएम ३१२० वर येतात. पहिला गिअर आणि रिव्हर्स तसेच राहतात, म्हणजे भरलेली गाडी चढावर उचलताना क्लच जळत नाही. अडचण तिसऱ्या-चौथ्यातल्या अंतराची. तिसरा १.२६ चा, ४००० आरपीएमला तिसऱ्यातून चौथा टाकला की पूर्वी इंजिन २७०० वर यायचं, आता २४५० च्या खाली येतं. समोरून वारा किंवा लांब चढ असला की परत तिसरा टाकावाच लागतो.

क्राउन-पिनियन ४.५७ केलं, तर १०० ला ३२४०. गिअरमधली अंतरं बदलत नाहीत, पण पहिला आणि रिव्हर्स सहा टक्के लांब होतात, म्हणजे त्यांची ओढ कमी होते. अवजड कॅम्परला हे महागात पडतं. शिवाय जोडी एकत्रच बदलायची. पिनियनची खोली शिमने (पातळ चकत्यांनी) नव्याने जुळवावी लागते, बॅकलॅशही (दातांमधली मोकळीक). चुकलं की डबा घोंघावतो आणि दात झिजतात.

स्पीडोमीटरची केबल पुढच्या डाव्या चाकातून येते, त्यामुळे काटा दोन्हीत बरोबरच दाखवतो.

सपाट हायवेसाठी चौथाच बदला. ४.५७ क्राउन-पिनियन, टॉर्क (ओढण्याची ताकद) जास्त असलेलं इंजिन बसवलं असेल तरच.