जिम्नीचे रुंद फ्लेअर, 8 जे आणि 7 जे रिंग आणि उजव्या दाराची कडी: 16 महिन्यांनंतरचा अनुभव

जानेवारी 2025 मध्ये माझ्या जिम्नीच्या पुढच्या उजव्या चाकातून घुमल्यासारखा आवाज येऊ लागला. ताशी 50 च्या पुढे तो वाढायचा आणि डावे वळण घेताना अधिक जाणवायचा. गॅरेजमध्ये चाक उचलून हाताने फिरवल्याबरोबर बेअरिंग गेल्याचे कळले. मिस्त्रींनी रिंग काढून उताणी ठेवली, तिच्या खोल बशीकडे पाहिले आणि एवढेच विचारले, "ही कुणी सुचवली?" मी दुकानाचा उल्लेख केला. वस्तुतः ती मी स्वतः पैसे मोजून घेतली होती आणि ती घेताना मनात शंका असूनही गप्प बसलो होतो.

गाडी मारुती सुझुकीची पाच दारांची जिम्नी आहे. मे 2024 मध्ये तिला 40 मिलिमीटरचा लिफ्ट (गाडी उंच करणारे किट) आणि मूळ फ्लेअरच्या, म्हणजे चाकावरच्या कमानीच्या बाहेर आलेल्या पट्टीच्या, जागी प्रत्येक बाजूस 40 मिलिमीटर अधिक रुंद फ्लेअर बसवले. टायर 235/75 आर 15 घेतले. मूळ रिंग साडेपाच जे रुंदीची (जेच्या आधीचा आकडा रुंदीचे इंच) आणि अधिक 5 ऑफसेटची (हा आकडा उणेकडे गेला की चाक बाहेर येते) असते, हे जिम्नीवाल्यांना पाठ असेलच. त्याच रिंगला 30 मिलिमीटरचे स्पेसर, म्हणजे रिंगमागे लावायच्या जाड चकत्या, लावून भागवावे, असे काटकसरीच्या सवयीने मलाही वाटले होते. परंतु 235 च्या टायरला किमान 6 जे रिंग लागते. साडेपाचवर तो फुगवला तर बसतो, मात्र त्याच्या बाजू बाहेर फुगतात आणि रस्त्याला टेकणारा भाग मध्येच गोल होतो. त्यामुळे रिंग नवीन घेणे भाग होते.

मी 7 जे, उणे 15 ऑफसेटची मागणी केली होती. दुकानात शिल्लक होती 8 जे, उणे 25. "साहेब, कमानी एवढ्या बाहेर काढल्यात आणि रिंग आत ठेवणार? दिसणार काय मग? सगळे हेच घेऊन जातात," असे मालकांनी सांगितले. त्यांनी कागदावर केलेले गणितही ऐकताना पटण्यासारखे होते: ऑफसेट अधिक 5 वरून उणे 25 वर आला, म्हणजे चाक 30 मिलिमीटर बाहेर गेले, फ्लेअर 40 मिलिमीटर वाढले आहे, सबब 10 मिलिमीटर अजून हाताशी आहेत.

या गणितातील चूक मला चार महिन्यांनी कळली. ऑफसेट रिंगच्या मध्यरेषेचे स्थान सांगतो, म्हणजे ती रेषा हबला (चाक ज्यावर नटांनी बसते तो भाग) टेकणाऱ्या पृष्ठभागापासून किती आत किंवा बाहेर आहे ते. त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना टायर किती पसरला आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही. मूळ 195 चा टायर साडेपाचच्या रिंगवर सुमारे 196 मिलिमीटर भरतो; त्याचे अर्धे 98, त्यातून 5 वजा केल्यावर हबच्या पृष्ठभागापासून टायरची बाहेरची बाजू 93 वर येते. 235 चा टायर साडेसहाच्या रिंगवर मोजलेला असतो आणि रिंग अर्धा इंच वाढली की टायर साधारण 5 मिलिमीटर रुंदावतो. म्हणून 8 जेवर तो सुमारे 250 भरतो. त्याचे अर्धे 125, अधिक 25, म्हणजे 150. दोहोंतला फरक 57 मिलिमीटर आहे, 30 नव्हे. वाढलेल्या रुंदीचे अर्धे, म्हणजे 27 मिलिमीटर, त्या कागदावर कोठेही नव्हते. मूळ टायर मूळ फ्लेअरच्या कडेपेक्षा 8 मिलिमीटर आत होता. ते धरून माझ्याकडे जागा 48 मिलिमीटर होती आणि टायर हिशेबाने 9 मिलिमीटर बाहेर गेला होता.

पहिले काही आठवडे मात्र मी खूश होतो, हे कबूल केले पाहिजे. गाडी ऐटदार दिसत होती, उभ्या उंच जिम्नीला वळणावर जो डोलारा येतो तो कमी झाला होता, आणि सोसायटीतील मुले येऊन टायरला हात लावून जात होती. मग जून आला.

येथून पुढे मी ज्याविषयी लिहिणार आहे, त्याला या सगळ्या खर्चात खरे तर फारसे महत्त्व नसावे; पण माझा सर्वांत जास्त संताप त्यानेच झाला. कोल्हापुराहून रत्नागिरीकडे आंबा घाटातून जाणे-येणे कामानिमित्त दर पंधरवड्याला असते आणि त्या रस्त्यावर चौपदरीकरणाचे काम चालू होते. तांबडी माती, वर पाऊस. प्रत्येक फेरीनंतर उजव्या बाजूचे चालकाचे दार कडीपर्यंत लाल होई. दाराच्या खालच्या पत्र्यावर चिखल येणे मला मान्य आहे. कडीवर, कडीच्या आतल्या खोबणीत, जेथे बोटे घालावी लागतात तेथे तो साचणे मला मान्य नाही. कार्यालयात जाताना खिशात फडके ठेवण्याची वेळ आली. पांढरा सदरा घालणे मी त्या पावसाळ्यात सोडून दिले. आरसाही माखत असे, पण आरशाचे एवढे वाईट वाटले नाही. पत्नीचे म्हणणे असे, की तिच्या बाजूचे दार बऱ्यापैकी स्वच्छ असते, त्यामुळे दोष माझ्या चालवण्यात असला पाहिजे. या वाक्याकडे मी तेव्हा दुर्लक्ष केले आणि एक वर्ष वाया घालवले.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात सांगतो, कारण त्या अपेक्षित होत्या. स्टीअरिंग पूर्ण वळवून मागे घेताना टायर बंपरच्या खालच्या कोपऱ्याला घासू लागला. चाक किंगपिनच्या अक्षापासून (ज्याभोवती पुढचे चाक वळते) जितके दूर, तितका त्याचा वळण्याचा घेर मोठा होतो. म्हणून आतील बाजूस पूर्वीपेक्षा 3 मिलिमीटर अधिक मोकळीक असूनही पुढे-मागे मात्र अडचण झाली. एका चाकाखाली खड्डा आला की स्टीअरिंगला झटका बसे. ताशी 80 ते 90 दरम्यान एक बारीक थरथर होती, ती दोनदा बॅलन्सिंग करूनही गेली नाही. आणि दहा हजार किलोमीटरच्या आसपास बेअरिंग गेले. बेअरिंग केवळ ऑफसेटमुळे गेले असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. आंबा घाटातील खड्डे आणि जड टायर यांचाही त्यात वाटा असेल. तरीही टायरचा मध्य 30 मिलिमीटर बाहेर सरकला की बेअरिंगवर येणारी तरफ वाढते, हे समजायला अभियंता असावे लागत नाही.

दुकानाशी झालेला वाद येथे सविस्तर देत नाही. टायर चढवलेली रिंग परत घेत नाही, हे त्यांचे म्हणणे बिलाच्या मागे छापलेले होते. मी 7 जे मागितली होती, हे माझे म्हणणे कोठेही लिहिलेले नव्हते. चारही रिंग शेवटी एका पिकअपवाल्याला जवळपास निम्म्या किमतीला विकल्या. त्या दिवशीचा माझा लेखी अभिप्राय एकतर्फी आणि बराच कडवट होता.

फेब्रुवारीत दुसऱ्या ठिकाणाहून 7 जे, उणे 15 ऑफसेटच्या रिंग मागवल्या आणि त्यांची पाच आठवडे वाट पाहिली. या वेळी पैसे देण्यापूर्वी रिंगच्या मागील बाजूस कोरलेले आकडे स्वतः वाचले आणि जेडब्ल्यूएल हा जपानी चाचणीचा शिक्का पाहून घेतला. टायर तेच ठेवले. 7 जेवर हा टायर सुमारे 240 भरतो. अर्धे 120, अधिक 15, म्हणजे 135. मूळच्या तुलनेत 42 मिलिमीटर बाहेर, माझ्या 48 मध्ये 6 मिलिमीटर शिल्लक. आतील बाजूस तो मूळ टायरपेक्षा 2 मिलिमीटर अधिक शिरतो, पण कोठेही घासत नाही.

रिंगचे मधले भोक मात्र 110 मिलिमीटरचे निघाले आणि जिम्नीचा हब 108 चा. नट घट्ट केले की रिंग आपोआप मध्यावर येते, असे विक्रेते सांगतात आणि ते बहुतांशी खरेही असेल. पण जुन्या रिंगची थरथर मी विसरलो नव्हतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमच्या चार कड्या करून घेतल्या, बाहेरून 110 ला आणि आतून 108 ला हाताने दाबून बसतील इतक्या नेमक्या. चारही कड्या मिळून लागलेला खर्च दोन बॅलन्सिंगपेक्षा कमी होता. थरथर पहिल्याच दिवशी गेली. संपूर्ण प्रकरणात पैसे वसूल झाल्याचे समाधान मला या कड्यांनी दिले. स्टीअरिंगचा झटका बराच कमी झाला आणि बंपरचे घासणे थांबले. मार्च ते मे मी ही निवड भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

जूनमध्ये पुन्हा घाट उतरलो आणि उजव्या दाराची कडी पुन्हा लाल झाली.

चाक दोन्ही बाजूंनी 6 मिलिमीटर आत असल्याचे माझे गणित होते. म्हणजे एकतर गणित चुकीचे होते किंवा चिखल माझ्यावर डूख धरून होता. मिस्त्रींना फोन केला तेव्हा त्यांनी गणित ऐकूनही घेतले नाही. "ओळंबा लावून बघा की," म्हणाले. गाडी सपाट फरशीवर उभी करून चारही फ्लेअरच्या कडेवरून गवंड्याचा ओळंबा सोडला आणि टायरपर्यंतचे अंतर मोजले. पुढे डावीकडे 12 मिलिमीटर. पुढे उजवीकडे शून्य. मागे नेमके उलट: उजवीकडे 12, डावीकडे शून्य.

जिम्नीचे दोन्ही एक्सल अखंड असतात आणि ते आडवे सरकू नयेत म्हणून प्रत्येकाला एक लॅटरल रॉड असतो, ज्याचे एक टोक चासीला आणि दुसरे एक्सलला जोडलेले असते. गाडी उचलली की हा रॉड अधिक तिरका होतो. त्याची लांबी तीच राहते, त्यामुळे तो एक्सलला एका बाजूला ओढून घेतो. पुढचा एक्सल उजवीकडे आणि मागचा डावीकडे. माझ्या गाडीत हे सरकणे प्रत्येकी 6 मिलिमीटर होते. म्हणजे 8 जेच्या दिवसांत पुढचा उजवा टायर 9 नव्हे, तर 15 मिलिमीटर बाहेर होता आणि डावा केवळ 3. पत्नीचे निरीक्षण अचूक होते. मागचा डावा दिवाही नेहमी अधिक माखत असे, हे तेव्हा कुठे लक्षात आले. बंपरातला तो दिवा मी वर्षभर पुसत होतो आणि कारण विचारले नव्हते.

त्यामुळे दुकानाविषयीचे माझे मत थोडे बदलावे लागले. रुंदीचे अर्धे विसरणे ही त्यांची चूक होती. पण लिफ्टनंतर एक्सल मध्यावर आहे की नाही हे पाहण्याआधी ऑफसेट ठरवणे ही माझी चूक होती. शिवाय मी जागा मोजली ती फ्लेअरच्या माथ्यावर, जेथे ते सर्वांत रुंद असते. चिखल माथ्यातून उडत नाही. तो चाकाच्या मागे, फ्लेअरच्या शेपटीतून सुटतो. तेथे माझे फ्लेअर मूळपेक्षा जेमतेम 15 मिलिमीटर रुंद आहे आणि त्याखालचा मडफ्लॅप अजून 195 च्या टायरच्या मापाचाच होता. फ्लेअर विकणारे जो आकडा सांगतात तो माथ्याचा असतो. ज्यांना दिसण्यापेक्षा कडीची काळजी आहे, त्यांनी शेपटीचे माप विचारावे.

जुलैमध्ये पुढे लांबी कमी-जास्त करता येणारा लॅटरल रॉड बसवून एक्सल मध्यावर आणला. आता पुढे दोन्हीकडे 6 मिलिमीटर आहेत. मडफ्लॅपसाठी कन्व्हेयर बेल्टच्या रबराचा तुकडा भंगारातून आणून टायरच्या रुंदीएवढा कापून घेतला. दिसायला तो ट्रॅक्टरचा वाटतो. ऑगस्टच्या चार फेऱ्यांत चिखल दाराच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आला आणि तेथेच थांबला. कडी कोरडी होती. गाडीतून उतरल्यावर मी ती प्रत्येक वेळी मुद्दाम बोट घालून तपासली.

दोन गोष्टी या निवडीत गृहीत धरून चालावे. टायरचा व्यास 693 वरून सुमारे 733 मिलिमीटर झाल्याने मीटर जवळपास 6 टक्के कमी दाखवतो. ॲव्हरेज काढताना तेवढे किलोमीटर वाढवून घेतले नाहीत, तर गाडी आहे त्यापेक्षा अधिक खादाड भासते. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली गाडीत बदल करण्यावर बंधने आहेत, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ती अधिक कडकपणे वाचली आहेत. विम्याच्या दाव्याच्या वेळी रुंद फ्लेअर आणि बाहेर आलेली चाके सर्वांत आधी डोळ्यांत भरतात. मी हे जाणून केले आहे, दुसऱ्याला करा असे सांगत नाही.

पाचवी रिंग घेतलेली नाही. मागच्या दाराला अजून मूळ 195 चेच चाक आहे. पंक्चर झाल्यास त्यावर हळूहळू जवळच्या दुकानापर्यंत जाता येईल, पण 40 मिलिमीटर कमी व्यासाचे चाक लावून फोर व्हील ड्राइव्ह घालायची नाही, अशी चिठ्ठी मी काचेवर चिकटवली आहे, कारण तसे केल्यास पुढचा-मागचा वेग जुळत नाही आणि ताण पुढच्या-मागच्या चाकांना शक्ती वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर येतो. मागचा लॅटरल रॉडही अजून मूळचाच आहे. पुढच्याएवढाच पैसा त्याला लागतो आणि त्याच्या अभावी नुकसान एवढेच, की डावा मागचा दिवा प्रत्येक फेरीनंतर ओल्या फडक्याने पुसावा लागतो. तूर्त फडके स्वस्त पडते.