शासकीय एआरटी केंद्र: औषध उत्तम, रिपोर्टची वाट फार

जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका शासकीय एआरटी केंद्रातून मी २००९ पासून एचआयव्हीची औषधे घेत आहे. एआरटी म्हणजे एचआयव्ही विषाणूला दाबून ठेवणारा औषधोपचार. नुकतेच निदान झालेल्यांना या सेवेकडून नेमके काय मिळते हे कळावे, म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे. एप्रिल २००४ मध्ये देशात मोफत एआरटी सुरू झाली, तेव्हा सीडी४ पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या, एचआयव्हीमुळे घटणाऱ्या रक्तातील पेशी) बऱ्याच घटल्याखेरीज औषध सुरू होत नसे, आणि त्या घटण्याची वाट पाहताना कित्येकांना क्षयरोगाने गाठले. २०१७ पासून पेशी कितीही असोत, निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आहे.

औषधांच्या बाबतीत मी या सेवेला पूर्ण गुण देईन. सुरुवातीच्या स्टॅव्ह्युडिनने अनेकांचे गाल बसत आणि तळपायांची आग होई. चेहऱ्यावरूनच आजार ओळखला जाईल या धास्तीने काहींनी गोळ्या सोडल्या. नंतर आलेल्या इफाविरेंझमुळे रात्री चक्कर येई आणि भयंकर स्वप्ने पडत. आता टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर यांची मिळून दिवसाला एकच गोळी असते. तिने विषाणू लवकर दबतो, आणि डोल्युटेग्राविरला दाद न देणारा विषाणू तयार होणे पूर्वीच्या औषधांच्या तुलनेत बरेच अवघड असते. मात्र वजन वाढू शकते, त्याकडे लक्ष ठेवावे. कॅल्शियम, लोह किंवा अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियम असलेली अ‍ॅसिडिटीची औषधे (अँटासिड) सोबत घेतल्यास हिचा परिणाम कमी होतो. त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर ती घ्यावी. क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन सुरू असेल तर डोल्युटेग्राविरचा आणखी एक डोस बारा तासांच्या अंतराने लागतो. ही माहिती खिडकीवर गोळ्या देतानाच सांगितली गेली पाहिजे. गर्दीच्या दिवशी ती राहून जाते.

व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याच्या, तपासणीबद्दल मात्र माझे समाधान नाही. पूर्वी उपचार फसल्याचा संशय आला तरच ती होत असे. २०१८ पासून ती नियमितपणे सर्वांसाठी सुरू झाली. उपचार सुरू झाल्यावर सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात आणि पुढे वर्षातून एकदा ती करतात. मिलिलिटरमागे विषाणूच्या १००० पेक्षा कमी प्रती आढळल्यास विषाणू आटोक्यात आहे असे शासकीय कार्यक्रमात धरतात, आणि जास्त आढळल्यास समुपदेशनानंतर पुन्हा तपासून औषध बदलायचे की नाही ते ठरवतात. नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत जात असल्याने रिपोर्टला इतका उशीर होतो की हा पुढचा निर्णयही लांबतो, आणि तोवर रुग्ण निरुपयोगी ठरू पाहणारे औषधच घेत राहतो. विषाणू न सापडण्याइतका दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे निर्विवाद सिद्ध झालेले आहे. तरी ते आपणहून, स्पष्ट शब्दांत सांगणारा समुपदेशक मला फार उशिरा भेटला. कित्येक संसार या एका वाक्यावाचून धास्तीत गेले आहेत, याचे मला मनापासून दुःख होते.

विषाणू आटोक्यात असलेल्यांची टक्केवारी मोठी दिसते आणि ती खरीही आहे, पण ती प्रामुख्याने केंद्रात येत राहून तपासणी झालेल्यांची असते. ऊसतोडीला किंवा बांधकामाला परगावी गेलेले, मजुरी बुडते म्हणून येणे सोडलेले रुग्ण त्या हिशेबात धड दिसत नाहीत. एका वेळी अनेक महिन्यांच्या गोळ्या देणे आणि जवळच्या लिंक केंद्रातून (मुख्य एआरटी केंद्राला जोडलेल्या छोट्या केंद्रातून) त्या मिळणे या सोयी म्हणूनच मला मोलाच्या वाटतात. आमच्याकडे त्या स्थिर रुग्णांना मागितल्यावर मिळाल्या.

नव्याने जाणाऱ्यांनी रक्त देतानाच रिपोर्टची तारीख विचारावी आणि हातात आलेला आकडा ग्रीन बुकमध्ये (रुग्णाजवळ राहणाऱ्या उपचाराच्या नोंदवहीत) लिहून घ्यावा. गाव बदलणार असल्यास गोळ्या संपण्यापूर्वीच ट्रान्सफर मागावी. माहितीसाठी १०९७ ही निःशुल्क हेल्पलाइन आहे.