शिवारात डिटेक्टर की जुना बाजार?

जुन्या रोजच्या वापरातल्या वस्तूंचं वेड असेल, तर पुणेकरांपुढे दोन वाटा आहेत. एक तर ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या रानात मित्रांसोबत मेटल डिटेक्टर फिरवायचा, नाहीतर बुधवारी-रविवारी मंगळवार पेठेतला जुना बाजार धुंडाळायचा.

बाजारात अडकित्ते, पितळी डबे, कुलपं एका फेरीत हाताळता येतात. पण ती कुठून आली, हे विक्रेत्यालाही बहुधा ठाऊक नसतं.

रानात चिकाटी लागते. डिटेक्टरच्या कॉइलच्या, म्हणजे तारेच्या वेटोळ्याच्या, बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत विद्युत प्रवाह निर्माण होतो आणि हेडफोनमध्ये सूर उमटतो. सगळे भोवती उकिडवे बसतात, खुरप्यानं ढेकूळ फुटतं, नि निघते बैलाच्या खुराची पत्री: कड झिजलेली, खिळ्यांची भोकं मातीनं बुजलेली. बहुतेकदा हाती लागतात ती बाटल्यांची झाकणंच. तरीही माझं मत रानालाच. वस्तू जिथं हरवली तिथंच भेटते.

कायदा मात्र पाळायलाच हवा. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेला, १० रुपयांहून अधिक मोलाचा ऐवज सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लोहगडासारख्या संरक्षित किल्ल्यावर तर डिटेक्टर नेऊच नका.