जांभा, गंज आणि रंगाचे पोपडे: निकॉनची ४० मिमी मायक्रो लेन्स

कोकणात अमूर्त छायाचित्रणासाठी विषय शोधत हिंडावे लागत नाही. जांभ्याचे (तांबड्या, सच्छिद्र दगडाचे) गडगे, होड्यांच्या रंगाचे पोपडे, खाऱ्या हवेने गंजलेले कडी-कोयंडे सगळे रोजच्या वाटेवरच असते. अडते ते पुरेसे जवळ जाण्यापाशी. २०११ साली आलेली निकॉनची ४० मिलिमीटर एफ/२.८ मायक्रो लेन्स डीएक्स, म्हणजे लहान सेन्सरच्या निकॉन कॅमेऱ्यावर एकास एक प्रमाणात, वस्तूच्या खऱ्या मापाइतकीच प्रतिमा सेन्सरवर देते, म्हणजे चिऱ्याचा (जांभ्याच्या घडीव दगडाचा) जेमतेम २४ बाय १६ मिलिमीटरचा तुकडा सगळी चौकट भरून टाकतो.

इतक्या जवळून चिरा ओळखूच येत नाही, आणि मला या लेन्सचे मोल वाटते ते यासाठीच. लोहाच्या ऑक्साइडने तांबडी झालेली भोके, त्यांच्या काठाची पिवळट माती आणि पावसाळ्यात त्या भोकांतून फुटणारे शेवाळ यांचे रंग पृष्ठभाग ओला असताना असे खुलतात, की कोरड्या उन्हात तोच गडगा पाहणाऱ्याला ते खरे वाटणार नाहीत. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेल्या होड्याही अशाच पाहाव्यात, कारण एरवी पाण्याखाली असणारा भाग तेव्हा डोळ्यांसमोर येतो आणि उडालेल्या निळ्याखालचा जुना लाल, त्याखालचे लाकूड असे थर सलग टिपता येतात.

मर्यादाही लक्षात घ्यायला हव्यात. सर्वांत जवळचे अंतर १६.३ सेंटीमीटर असले तरी ते सेन्सरपासून मोजलेले असते. प्रत्यक्षात लेन्स पृष्ठभागाला जवळजवळ भिडते आणि तिचीच सावली पडते, त्यामुळे सकाळचे तिरपे ऊन गाठावे. एकास एक प्रमाणात लेन्सचे छिद्र एफ/८ इतके लहान ठेवूनही स्पष्ट दिसणारी खोली एक मिलिमीटर भरत नाही. रंगाच्या सपाट फळीला ती पुरते, खडबडीत जांभ्याला मात्र लेन्सचे छिद्र आणखी लहान करावे लागते. मग शटर जास्त वेळ उघडे राहते आणि कंपनरोधक सोय नसल्याने ट्रायपॉड लागतोच.

जुनी लेन्स घेणार असाल तर तिच्यातून आरपार टॉर्च मारून आतल्या काचांवर बुरशी नाही ना, हे नक्की पाहा. आपल्याकडच्या दमट हवेत ती फार लवकर धरते, म्हणून पावसाळाभर वापरात नसताना लेन्स सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवावी.