फुकटचं शॉपिंग कार्ट आणि वर्षाला १८ हजारांची ‘लायसन्स फी’

कोल्हापुरात कांदा-लसूण मसाल्याचं घरगुती काम आमच्या वहिनींनी उभं केलं. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची, डंकावर कुटलेला मसाला. पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं व्हॉट्सअॅपवर मागवायची. ऑर्डरी वाढल्या, कोणाचे पैसे आले आणि कोणाचं पार्सल गेलं याचा मेळ बसेना, तेव्हा स्वतःचं ऑनलाइन दुकान काढायचं ठरलं. पुढे जे घडलं ते सविस्तर लिहितोय, कारण असे एजंट प्रदर्शनांतून बचत गटांच्या आणि घरगुती उद्योगांच्या स्टॉलवरच गिऱ्हाईक शोधत फिरतात.

आमच्याकडे आलेला माणूस एका एजन्सीचा होता. “ताई, टेक्निकलचं सगळं आमच्यावर सोडा, तुम्ही फक्त मसाला करा,” असं म्हणाला. त्यांच्या कंपनीने स्वतः बनवलेलं शॉपिंग कार्ट सॉफ्टवेअर आहे, शॉपिफाय या भाड्याच्या ऑनलाइन दुकानासारखं दर महिन्याला भाडं नाही, एकदाच ४५,००० रुपये आणि मग वर्षाला १८,००० लायसन्स फी. लॉगिनच्या पानावर त्यांचाच लोगो, त्यांचंच नाव. संशय यावा असं काहीच दिसत नव्हतं.

ते सॉफ्टवेअर म्हणजे वूकॉमर्स होतं. वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर चालणारं, २०११ पासून कोणालाही फुकट उतरवून घेता येणारं. त्याचा परवाना जीपीएल प्रकारचा आहे, म्हणजे ते वापरायला, बदलायला, दुसऱ्याला द्यायला मोकळीक आहे. दुकान मांडून देण्याची, फोटो चढवण्याची, कुरिअर जोडण्याची मजुरी कोणी घेतली तर ती रास्तच. चांगलं काम करणाऱ्याला ती द्यावी. पण मूळ वूकॉमर्सला वार्षिक लायसन्स फी नावाची गोष्टच नाही. ती भरली नाही तर दुकान बंद पडेल, ही धमकी निव्वळ खोटी होती. हे ओळखायला दोन मिनिटं लागतात: एजन्सीने आधी केलेली एखादी साइट संगणकावर उघडा, कंट्रोल आणि यू दाबा, आणि समोर येणाऱ्या मजकुरात ‘वूकॉमर्स’ हा शब्द इंग्रजीत शोधा. बहुतेक वेळा तो तिथे सापडतो, कारण बाहेरचं नाव बदलणारे आतल्या फाइलींचे पत्ते बदलत बसत नाहीत.

फीचे पैसे गेले ते तरी मोजता येतात. खरा घाव पेमेंटमध्ये होता. रेझरपे, पेयू, कॅशफ्री यांच्यासारख्या पेमेंट गेटवेवर दुकानदार स्वतःचं पॅन आणि बँक खातं देऊन खातं उघडतो आणि गिऱ्हाइकाने भरलेली रक्कम साधारण दोन-तीन कामकाजाच्या दिवसांत थेट त्याच्या बँकेत येते. गेटवेची कपात बहुधा दोन टक्क्यांच्या आसपास, आणि त्या कपातीवर १८ टक्के जीएसटी. आम्हाला मात्र सांगितलं गेलं की केवायसीची कटकट मोठी आहे, तुम्ही आमच्या ‘मास्टर अकाउंट’वर चला. म्हणजे मसाला वहिनींचा, गिऱ्हाईक वहिनींचं आणि पैसा एजन्सीच्या खात्यात. महिन्याअखेरीस पाच टक्के कापून उरलेला यायचा, तोही मागे लागल्यावर. दुकानदारांच्या वतीने असे पैसे गोळा करून नंतर वाटायचे असतील तर पेमेंट अॅग्रीगेटर म्हणून रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. मार्च २०२० मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वं निघाली होती. परवानगी मिळालेल्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या साइटवर आहे. त्यात या एजन्सीचं नाव नाही.

दिवाळीच्या तोंडावर ऑर्डरी सर्वांत जास्त असतात. नेमके त्याच महिन्याचे १,६०,००० रुपये त्यांनी अडकवले आणि वर ‘सर्व्हर अपग्रेड’साठी ६०,००० मागितले. वहिनींनी नकार दिल्यावर साइटवर ‘देखभालीसाठी बंद’ची पाटी लागली. मिरची, खोबरं, तीळ यांची उधारी डोक्यावर, मसाला डब्यांत भरून तयार, आणि ऑर्डरी कोणाच्या आहेत हे बघायलाही आत जाता येत नव्हतं. अॅडमिनचं लॉगिन म्हणून आधी जे दिलं होतं त्यात फक्त ऑर्डर बघायची सोय होती, आता तीही बंद झाली. माल, गिऱ्हाइकं, सेटिंग्ज यांना हात लावता येत नव्हता.

मग डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे ते तपासलं. दुकानाचा पत्ता वहिनींच्या ब्रँडच्या नावाचा, पण हूइज या डोमेनच्या मालकांच्या नोंदींमध्ये नोंदणीदार म्हणून एजन्सी. हाच पत्ता छापलेली लेबलं पोत्याने पडून होती. डॉट इन पत्त्यांच्या वादासाठी ते पत्ते सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेची लवादाची सोय आहे, पण तिथे त्या नावावरचा आपला हक्क सिद्ध करावा लागतो, आणि आमचा ट्रेडमार्क नोंदवलेला नव्हता. डोमेन नेहमी आपल्या ईमेलवर, आपल्या पैशाने, आपल्या नावावर घ्यावं आणि एजन्सीला फक्त काम करण्यापुरता प्रवेश द्यावा.

इचलकरंजीतल्या एका ओळखीच्या मुलाने नंतर त्या साइटचा आमच्याकडे आलेला एक जुना बॅकअप तपासला. विकत घ्यायच्या काही प्लगइनच्या (साइटला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमच्या) चोरट्या प्रती त्यात बसवलेल्या होत्या. अशा प्रतींना मूळ कंपनीचे अपडेट मिळत नाहीत, आणि त्यांत बाहेरच्याला गुपचूप आत शिरता येईल असं मागचं दार ठेवलेलं असू शकतं. मोबाइलवर गूगलमधून येणारी माणसं मधूनच जुगाराच्या साइटवर जातात अशी तक्रार काही गिऱ्हाइकांनी केली होती. तिचं मूळ इथे निघालं. वहिनींच्या नावावर विश्वास ठेवून आलेल्या बायकांना जुगाराचं पान दिसावं, याचा मला पैशांपेक्षा जास्त संताप आहे.

बिलावर १८ टक्के जीएसटी लावला होता. जीएसटी पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेअर’मध्ये बिलावरचा जीएसटी क्रमांक टाकला तर नोंदणी रद्द झालेली. नोंदणी नसताना कर गोळा करता येत नाही. हे तपासायला लॉगिनही लागत नाही, म्हणून पहिला हप्ता देण्याआधीच क्रमांक टाकून बघावा.

आम्ही सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली, बँकेचे उतारे, बिलं आणि सगळे चॅट जोडले. ऑनलाइन पैसे गेल्यावर १९३० वर जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. आमची रक्कम महिनाभर त्यांच्याकडेच फिरत होती, त्यामुळे तो फायदा मिळाला नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंद केली आहे. व्यवसायासाठी घेतलेली सेवा असली तरी ती स्वतःच्या रोजगारातून पोट भरण्यासाठी असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दाद मागता येते, आणि वहिनींचं काम त्यात बसतं असं वकिलांचं म्हणणं आहे. तक्रारीचा मसुदा तयार होतोय.

दुकान पुन्हा सुरू केलं तेही वूकॉमर्सवरच, कारण दोष सॉफ्टवेअरचा नव्हता. डोमेन, होस्टिंग (साइट ठेवायची जागा), गेटवे आणि कुरिअरचं खातं, चारही वहिनींच्या नावावर आहेत. मालाची यादी आणि ऑर्डरी दर आठवड्याला फाइलमध्ये उतरवून घरच्या संगणकावर ठेवतो. जुन्या पत्त्यावरची ‘देखभालीसाठी बंद’ची पाटी मध्यंतरी निघाली असून तिथे आमच्याच डब्यांचे फोटो आणि पैसे भरायचं बटण दिसतंय. तिथे कोणी पैसे भरले असतील तर मसाला येणार नाही. लगेच बँकेला आणि १९३० ला कळवा, आणि पावतीचा फोटो आम्हालाही पाठवा, तो तक्रारीला जोडायचा आहे.