पाम्पांगाच्या सहलीत आमचे 12,500 पेसो बुडाले, मनिलातल्या मंडळींनो सावध राहा

आमचे 12,500 पेसो गेले. रुपयांत साधारण 19 हजार. लिहायला लाज वाटते, पण मी गप्प बसले तर उद्या आणखी एक कुटुंब त्याच माणसाच्या तावडीत सापडेल.

मे महिन्यात सांगलीहून आई-बाबा आले होते. मॉल बघून बघून ते कंटाळले, म्हणून पाम्पांगाचा बेत केला. फिलिपिन्सची खाद्यराजधानी म्हणतात ती हीच, मनिलाहून 80 किलोमीटरच्या आसपास. सकाळी निघायचं, पोटभर खायचं, रात्री घरी. बाबांना ब्रिंगे खायचा होता, नारळाचं दूध आणि हळद घातलेला चिकट तांदळाचा भात. आई शाकाहारी, तिच्यासाठी तिबोक-तिबोक, म्हशीच्या दुधाची, खरवसासारखी थरथरणारी. नवऱ्याला सिसिग, म्हणजे बारीक चिरून परतलेलं डुकराचं मांस, खायचा तो तिथल्या अँजेलिस शहरातच, रेल्वे रुळांजवळ, जिथे लुसिया कुनानन यांनी तो नावारूपाला आणला.

ऑनलाइन एका टूरवाल्याचं पेज सापडलं. ते व्यवस्थित दिसत होतं. फोटो, अभिप्राय, सगळं. (ते सगळं दुसऱ्या एका खऱ्या टूरवाल्याचं उचललेलं होतं, हे नंतर कळलं.) माणशी 2,800 प्रमाणे पाच जणांचे 14,000, त्यातले निम्मे, 7,000, आधी. डाउन पेमेंट इथे सगळेच घेतात, तेव्हा त्यात मला काही वावगं वाटलं नाही. पण कार्यक्रमात 'जायंट लँटर्न फेस्टिव्हल' लिहिलं होतं. सान फर्नांडोचा तो आकाशकंदिलांचा उत्सव डिसेंबरात असतो, ख्रिसमसच्या तोंडावर! मे महिन्यात कुठला? मी ते वाचलं आणि जुना मजकूर राहिला असेल म्हणून सोडून दिलं.

त्याहून जास्त जिव्हारी लागतो तो शुक्रवारी रात्रीचा क्षण. 9 वाजून 40 मिनिटांनी मेसेज आला : रेस्टॉरंट टेबलासाठी 3,500 मागतंय आणि व्हॅनचं डिपॉझिट 2,000, ते संध्याकाळी परत. नंबर वेगळा होता. वॉलेटमध्ये पैसे पाठवण्याआधी समोरच्याचं नाव अर्धवट, मध्ये चांदण्या घालून दिसतं. गुरुवारी 7,000 पाठवताना ते 'जे'ने सुरू होत होतं, आज 'आर'ने. मी ते पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, विचारलंसुद्धा. लगेच उत्तर आलं, "अकाउंटंटचा नंबर आहे मॅम, आमची महिन्याची लिमिट संपली." लिमिट इथे सगळ्यांचीच संपते हो! स्वयंपाकघरातून आई विचारत होती, दशम्या किती करू? लेक नवे बूट उशाशी घेऊन झोपली होती. अशा वेळी सहल रद्द झाली असं कोणत्या तोंडाने सांगणार? मी 5,500 पाठवले. तिथेच थांबले असते तर निदान तेवढे तरी वाचले असते. नाव बदललं की व्यवहार बंद, मग समोरचा काहीही कारण सांगो.

सकाळी 5 वाजता आम्ही लॉबीत. 6 वाजले, 7 वाजले. गार्ड दोनदा येऊन विचारून गेला, "वाला पा, मॅम?" अजून नाही आली का? फोन बंद, मेसेंजरवर ब्लॉक. साडेसातला आईने तिथेच सोफ्यावर डबा उघडला आणि लेकीला दशमीचा तुकडा दिला. बाबा एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस चौकीत सांगितलं, आधी बरांगायमध्ये (आपल्या वॉर्डासारखं इथलं सगळ्यात लहान स्थानिक प्रशासन) जा. बरांगायने सांगितलं, ऑनलाइन प्रकरण आहे, पोलिसांकडेच जा. पुन्हा चौकी. तिथला साहेब म्हणाला, "इतक्या छोट्या रकमेसाठी?" प्रतिज्ञापत्र नोटरी करायला माझेच 300 पेसो गेले, ऑफिसच्या दोन रजा गेल्या. वॉलेट कंपनीला 20 दिवसांत सहा मेल केले, प्रत्येकाला एकच उत्तर : व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केलात. अहो, फसवणुकीत माणूस स्वतःच्याच हाताने पैसे देतो, म्हणून तर तिला फसवणूक म्हणतात! 2022 पासून इथे प्रत्येक सिमकार्डाची नोंदणी सक्तीची आहे. 2024 चा रिपब्लिक ॲक्ट 12010 सांगतो की दुसऱ्याला वापरायला खातं देणं गुन्हा आहे आणि वादातली रक्कम तात्पुरती रोखता येते. मग ते दोन नंबर कोणाच्या नावावर आहेत, एवढं शोधायला कोणाचे हात बांधलेत?

पैसे गेल्याचं कळलं की त्याच मिनिटाला 1326 ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा. मी दोन दिवस मेसेजच्या उत्तराची वाट पाहत बसले. टूरवाल्याकडे पर्यटन खात्याच्या मान्यतेचं प्रमाणपत्र मागा आणि तो नंबर खात्याकडेच पडताळा, त्याने पाठवलेल्या फोटोवर जाऊ नका. आणि खरं तर टूर लागतेच कशाला? मनिलातल्या क्युबाओहून पाम्पांगातल्या दाऊला थेट बस जाते. आई-बाबांची परतीची तारीख जवळ आली नसती तर आम्हीही तसंच गेलो असतो.

काल ते पेज पुन्हा दिसलं. नाव नवं, फोटो तेच. कार्यक्रमात अजूनही आकाशकंदिलांचा उत्सव आहे, तारीख 14 जून.