वर्षभराची व्यायामशाळा की व्हॅक्सिन डेपोचा फेरा: वडगावच्या विणकराचा अनुभव

बेळगावच्या वडगावात माझे साडीचे चार माग आहेत. ऑगस्ट 2019 च्या पावसात आमच्या गल्लीत पाणी शिरलं आणि दोन मागांच्या मोटारी गेल्या. कर्ज काढून त्या उभ्या केल्या, जेमतेम सहा महिने चालल्या, तेवढ्यात मार्च 2020 आला. माग बंद, तयार साड्या कपाटात पडून, हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला. पुढच्या दोन वर्षांत माझं वजन 74 वरून 88 किलोवर गेलं.

हे वजन कशानं वाढलं ते नीट सांगतो, कारण व्यायाम निवडताना मला तेच उपयोगी पडलं. माग चालू असले की मी दिवसभर उभा असतो. तुटलेला धागा जोड, कांडी बदल, या मागावरून त्या मागावर जा, असं चालूच असतं. तो वावर एका दिवसात थांबला. रात्री दोनला जाग यायची, मी हिशेबाची वही घेऊन बसायचो आणि शेजारी चिवड्याचा डबा असायचा. दिवसाला सात-आठ कप चहा, तोही गोड. डॉक्टरांनी नंतर समजावलं की झोप मोडली की भूक वाढते आणि गोड-तेलकटाकडेच हात जातो. काळजीत अंगात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक चढतं, त्यानं चरबी पोटावर जास्त साठायला मदत होते. कंबर मोजली तर 104 सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषाची 90 च्या आत हवी. तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) 6.1 निघाली, म्हणजे मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर.

घाबरून मी गावातल्याच एका व्यायामशाळेत वर्षाचे 12,000 रुपये एकदम भरले. नाव लिहीत नाही. जागा स्वच्छ, यंत्रं चांगली, शिकवणारा मुलगा मनानं चांगला. पण ‘वजन उतरवायचं’ म्हटल्यावर सगळ्यांना एकच ठरलेला कार्यक्रम: संध्याकाळी सातला उड्या, ट्रेडमिलच्या पट्ट्यावर धावणं, थांबून परत उड्या. वय पन्नास, झोप चार तास, अंगावर 14 किलो जादा. दिवसभर कर्जाच्या काळजीनं छाती धडधडायची आणि संध्याकाळी तीच धडधड पैसे देऊन करून घ्यायची, असं मला व्हायला लागलं. त्या रात्री झोप यायला आणखी उशीर व्हायचा. तिसऱ्या आठवड्यात उजवा गुडघा सुजला. सातव्या आठवड्यात जाणं सुटलं. दोन महिने वर्गणी थांबवून पुढे धरा म्हणून विनवलं, तर नियमात बसत नाही म्हणाले. म्हणून कळकळीनं सांगतो, पहिल्यांदा एका महिन्याचेच पैसे भरा.

एक गोष्ट मात्र मी तिथूनच घेतली. त्या मुलानं खुर्चीवर बसून-उठून बैठक कशी मारायची आणि भिंतीला हात टेकून जोर कसे काढायचे ते शिकवलं होतं. ते मी आजही करतो, आठवड्यातून तीनदा, मागाच्या खोलीत. नुसतं खाणं कमी केलं तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, म्हणून हे सोडत नाही. तरुण असाल, झोप पुरेशी असेल, तर तशा व्यायामशाळेत जरूर जा.

मला चालायला लावलं ते बायकोनं. ती आधीपासून टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत फिरायला जायची. ‘अहो, वजनाचं राहू दे, उद्या नुसतं माझ्याबरोबर चला,’ म्हणाली. पहाटे साडेपाचला वडगावातून गाडी काढली, नाथ पै चौक, गोवावेस, आरपीडी कॉर्नर असं करत पोहोचलो. पूर्वी इथं देवीची लस तयार व्हायची, नाव त्यावरूनच पडलं. शहराच्या मधोमध एवढी झाडी असून इतकी वर्षं मी तिच्याकडे कधी बघितलं नव्हतं. पायाखाली तांबडी माती, त्यामुळे डांबरावर बसतो तसा हादरा गुडघ्याला बसत नाही. पहिल्या दिवशी वीस मिनिटांत दम लागला आणि झाडाखाली बसलो. पण त्या रात्री मी साडेपाच तास सलग झोपलो. खूप दिवसांनी.

तिथली माणसं मला फार मोलाची वाटतात. कुणी मराठीत बोलतो, कुणी कन्नडात. एक निवृत्त मास्तर लांबूनच ‘नमस्कार री’ म्हणतात आणि दोन दिवस दिसलो नाही तर तिसऱ्या दिवशी विचारतात, ‘का हो, बरं हाय न्हवं?’ व्यायामशाळेत माझी वर्गणी होती, पण सात आठवडे मी दिसलो काय, न दिसलो काय, कुणी विचारलं नाही.

चाल किती हवी, याचं माप डॉक्टरांनी सांगितलं: बोलता यावं, पण गाता येऊ नये. आठवड्याला निदान 150 मिनिटं. आम्ही पाच दिवस 45 मिनिटं चालतो. एवढ्या चालण्यात माझ्या वजनाला साधारण दोनशे-अडीचशे कॅलरी जातात आणि दोन मुठी चिवड्यात तेवढ्या परत येतात. हा हिशेब कळला तेव्हा डबा खोलीतून हलवला. चहा तीन कपांवर आणला. कुंदा, ही आमच्याकडची खव्याची मिठाई, सणाला खातो, सोडलेला नाही.

खर्च म्हणाल तर खडे बाजारातले 1,800 रुपयांचे बूट. बाकी गाडीचं पेट्रोल.

उणं आहे ते पावसाळ्याचं. जून ते सप्टेंबर तांबड्या मातीचा चिखल होतो, पाय घसरतो आणि बेळगावचा पाऊस थांबायचं नाव घेत नाही. पहिल्या पावसाळ्यात खंड पडला आणि दोन किलो परत चढले. आता त्या महिन्यांत मी मागांच्या मधल्या वाटेतच अर्धा तास फेऱ्या मारतो. डिसेंबरात थंडी बोचते, कानटोपी लागते. उघडीप असली की रविवारी येळ्ळूरचा राजहंसगड चढतो. पण तो चढ गुडघा बरा झाल्यावर, पाचव्या महिन्यापासून सुरू केला, आधी नाही.

दीड वर्षात वजन 88 चं 79 झालं, कंबर 104 वरून 94. साखर 5.6. पहिल्या दोन महिन्यांत काटा दीड किलोच हलला होता आणि मी निराश झालो होतो. पण झोप आणि कमरेच्या पट्ट्याची भोकं आधी बदलली, काटा मागाहून. कर्ज अजून फिटलेलं नाही. पण रात्री वही काढून बसणं थांबलंय, जे बघायचं ते दिवसा बघतो.

माझ्याकडून व्हॅक्सिन डेपोच्या फेऱ्याला पाचपैकी साडेचार, अर्धा चिखलाचा कापला. व्यायामशाळेला दोन, त्या मुलानं शिकवलेल्या बैठकांसाठी.

गेल्या आठवड्यात गल्लीतल्या दुसऱ्या माग-मालकाला बरोबर नेलं. त्याचेही माग अर्धे बंद आहेत, पोट सुटलंय. अर्धा फेरा तो काहीच बोलला नाही, मग एकदम हप्त्यांचं बोलायला लागला आणि फेरा संपला तरी बोलतच होता. उद्या पावणेसहाला नाथ पै चौकात थांबतो म्हणालाय.